कपात पानं किती, हवा किती?

शनिवारची संध्याकाळ. कॉलेज रोडच्या फ्लॅटवर चार मित्र जेवायला येणार आणि रेसिपी म्हणते, ‘आठ कप पालक’! इकडे भाजीवाल्या मावशींचं माप एकच, जुडी. मग घ्यायच्या तरी किती?

फंडा सोपा आहे. २४० मिलीच्या कपात पाणी मावतं २४० ग्रॅम. पालकाची कच्ची पानं मात्र जेमतेम ३०. बाकी सगळी हवा! आठ कपांना निवडलेला पालक लागतो पाव किलोच्या आसपास. चिरलेलं मोकळ्या पानांचं लेट्युस कपाला साधारण ३६ ग्रॅम, बारीक चिरलेला आइसबर्ग मात्र ७०. आणि उकडून निथळलेला पालक? तब्बल १८०!

शिवाय कप दाबून भरला की हिशोब बदलतो. पानं कमी पडली तर सॅलड ड्रेसिंगमध्ये पोहतं, जास्त झाली तर कोरडं लागतं.

जुडीवरही भरवसा नको. ती मोसमागणिक लहान-मोठी होते, त्यात देठ, मुळं आणि माती. म्हणून पानं निवडा, धुवा, कोरडी करा आणि मगच वजन करा. मावशींशी घासाघीस जुडीवर, पण स्वयंपाक काट्यावर!