चित्रावरून ओळखावयाचीं दप्तरें

पूर्वींच्या कचेऱ्यांत कागदपत्रें कापडी रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत असे हजारों रुमाल आजही जतन केलेले आहेत. संगणकांतील 'फोल्डर' म्हणजे असाच एक रुमाल होय.

आपल्या हिमायतनगर भागांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणूं. सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आणि १९४८ पूर्वीं येथील सरकारी कारभार उर्दूंत चाले त्या काळचे आजोबांचे जुने कागद, या सर्वांच्या प्रती संगणकांत आहेत. परंतु सर्व फोल्डर सारखेच पिवळे व नांवें रोमन लिपींत. मुलगा शिक्षणासाठीं नांदेडास गेलेला. अर्जाची मुदत सायंकाळीं संपणार. आणि कोणता रुमाल सोडावा हें आईस कळत नाहीं! अशा वेळीं त्यावर नांगराचें चित्र असतें, तर शेताचे कागद तिला तत्काळ सांपडते.

पडद्यावर चित्रें दाखविण्याची ही सोय १९८१ सालीं झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' यंत्रानें बाजारांत आणिली. १९८४ च्या 'मॅकिंटॉश' संगणकाचीं चित्रें सुसान केअर या बाईंनीं चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून आंखलीं होतीं.

विंडोज पद्धतीच्या संगणकांत कृति सोपी आहे. फोल्डरवर माऊसचें उजवें बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावें. तेथें 'कस्टमाइझ' या पानावर 'चेंज आयकॉन' आहे, त्यांतून चित्र निवडावें. स्वतःचें चित्र द्यावयाचें असल्यास तें 'आयको' जातीचें करून घ्यावें लागतें. साधें छायाचित्र चालत नाहीं. आंतील कागदांस यामुळें कांहीं होत नाहीं, आणि 'रिस्टोअर डीफॉल्ट्स' दाबल्यास पूर्वींचें रूप परत येतें.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संगणक तें चित्र फोल्डरांत घालीत नाहीं. चित्र अमुक ठिकाणीं आहे, एवढें सांगणारी 'डेस्कटॉप.आयएनआय' नांवाची चिठ्ठी तेथें लपवून ठेवितो. मूळ चित्र हलविलें किंवा पुसलें, कीं चिठ्ठी व्यर्थ होते व फोल्डर पुन्हां पिवळा दिसतो. म्हणून सर्व चित्रांस एक कायमची जागा द्यावी.

दुसरें असें, कीं चित्र ही ओळख आहे, पुरावा नव्हे. पेन ड्राइव्हमधून शिरणारे कांहीं विषाणू फोल्डरचेंच चित्र धारण करून येतात. उघडतांच ते आपलें काम सुरू करितात. विंडोज नांवाचें शेपूट सहसा लपवितें. 'व्ह्यू' मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखविण्यास सांगावें. फोल्डरसारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या नांवाअखेर 'ईएक्सई' आढळल्यास तिला हात लावूं नये.

विद्यार्थी मित्रांनो, या सुटींत आपल्या आईजवळ किंवा आजीजवळ बसा आणि विचारा, "शेताच्या कागदांस कोणतें चित्र देऊं? दाखल्यांस कोणतें?" त्या सांगतील तेंच चित्र द्या, तुम्हांस आवडेल तें नव्हे. खालीं नांवही देवनागरींत लिहा. संगणक तें आनंदानें स्वीकारतो. मग त्यांच्याकडून एकेक फोल्डर उघडून घ्या. तुम्ही परगांवीं असतां त्यांस दुसऱ्याच्या दारीं जावें लागणार नाहीं, हें आम्हांस कांहीं लहान काम वाटत नाहीं.