सात सेकंद आणि एक वीत

मार्च २०२५, चीनमधलं नानजिंग. जागतिक इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांच्या ६० मीटर शर्यतीची अंतिम फेरी. स्वित्झर्लंडची मुजिंगा कांबुंजी ७.०४ सेकंद, इटलीची झायनाब दोसो ७.०६, लक्झेंबर्गची पात्रिझिया व्हान डर वेकन ७.०७. सोनं आणि रुपं यांच्यात ०.०२ सेकंदाचा फरक. अंतिम रेषेजवळच्या वेगाने हे अंतर भरतं साधारण वीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत.

इतक्या छोट्या शर्यतीत समजून घेण्यासारखं काय असणार, असं अनेकांना वाटतं. या शर्यतीबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : इनडोअर म्हणजे बंदिस्त जागा, तेव्हा ही शर्यत वळणावर होत असणार.

वस्तुस्थिती : इनडोअर स्टेडियममधला गोल ट्रॅक २०० मीटरचा असतो आणि त्याची वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली असतात. ६० मीटर मात्र त्यावर होत नाही. मैदानाच्या मधोमध वेगळा सरळ ट्रॅक आखलेला असतो, त्यावर आठ जणी धावतात. अंतिम रेषेनंतर थोडी मोकळी जागा आणि मग जाड गाद्यांची भिंत. वेग आवरायला तेवढीच जागा असल्याने धावपटू पुष्कळदा त्या गाद्यांवर जाऊन आदळतात.

वळणावरची २०० मीटर शर्यत पूर्वी जागतिक इनडोअर स्पर्धेत होती. पण आतल्या लेनचं वळण इतकं आवळलेलं की तिथे वेग टिकवणं कठीण. कोणती लेन मिळाली यावरच निम्मा निकाल लागायचा. २००४च्या बुडापेस्ट स्पर्धेनंतर ती शर्यत वगळली गेली.

गैरसमज : ६० मीटर म्हणजे अर्धवट सोडलेली १०० मीटर. सुरुवात चांगली झाली की काम फत्ते.

वस्तुस्थिती : सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडचे आकडे पाहा. मार्च २०२४मध्ये ग्लासगोला तिने ६० मीटरचं जागतिक विजेतेपद ६.९८ सेकंदांत मिळवलं. पाच महिन्यांनी पॅरिसला १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं ते १०.७२ सेकंदांत. शर्यती दोन आणि वेगवेगळ्या, त्यामुळे हिशेब ढोबळच. पण वजाबाकी केली तर उरलेल्या ४० मीटरना पावणेचार सेकंदही लागत नाहीत. पहिल्या साठ मीटरचा सरासरी वेग सेकंदाला ८.६ मीटर, पुढच्या चाळीसचा सुमारे १०.७.

याचा अर्थ असा की १०० मीटर शर्यतीत कमावलेला वेग टिकवायचाही असतो, तर ६० मीटरमध्ये तो कमावण्यातच सगळी शर्यत संपते. पायांना टेकू देणाऱ्या स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटताना शरीर पुढे झुकलेलं, नजर खाली, पावलं जमिनीला मागे रेटणारी. मग हळूहळू धड उभं होतं, पावलं लांबतात. अव्वल धावपटूंचा सर्वोच्च वेग येतो तो साधारण ५० ते ६० मीटरच्या दरम्यान, म्हणजे शर्यत संपता संपता. जी घाईने लवकर ताठ होते, तिने सुरुवातीला घेतलेली आघाडी चाळिसाव्या मीटरला विरलेली असते.

गैरसमज : बंदुकीच्या आवाजाच्या आधी हललं तरच फॉल्स स्टार्ट.

वस्तुस्थिती : आवाजानंतर हललं तरी बाद होता येतं. ब्लॉकमध्ये बसवलेलं यंत्र पायाचा दाब कधी बदलला ते नोंदवतं. संकेतानंतर ०.१०० सेकंदाच्या आत प्रतिक्रिया आली, तर ती ऐकून दिलेली नाही, अंदाजाने दिलेली आहे, असं नियम मानतो. २०१०पासून दुसरी संधीही नाही. एक चूक आणि घरी.

प्रत्येक ब्लॉकच्या मागे एक छोटा स्पीकर असतो, तो कशासाठी? एक लेन १.२२ मीटर रुंद. पहिल्या लेनपासून आठवीपर्यंत साडेआठ मीटर. एका कडेला बंदूक उडाली, तर तिचा आवाज दुसऱ्या कडेला पोचायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागेल. नानजिंगचं सोनं याहून कमी फरकाने ठरलं होतं! म्हणून आठही जणींना संकेत एकाच क्षणी कानामागे ऐकवला जातो.

गैरसमज : जिचं डोकं किंवा पाय आधी पलीकडे, ती जिंकली.

वस्तुस्थिती : मोजलं जातं ते फक्त धड. डोकं, मान, हात, पाय हिशेबात नाहीत. शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकण्याची धडपड त्यासाठीच. फोटो फिनिशचा कॅमेरा केवळ अंतिम रेषेची बारीक पट्टी सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडतो. त्या चित्रात दोन धावपटूंमध्ये दिसते ती जागा अंतर दाखवत नाही, वेळ दाखवते. २०१८ला बर्मिंगहॅममध्ये आयव्हरी कोस्टची मारी-जोसे ता लू आणि कांबुंजी या दोघींची वेळ ७.०५ अशीच लागली. रौप्य ता लूला, कांस्य कांबुंजीला. असा पेच सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाऊन सोडवतात.

गैरसमज : मोठ्या मैदानावर ज्यांचं जमत नाही, त्या इथे पदकं मिळवतात.

वस्तुस्थिती : २०१४ला पोलंडमधल्या सोपोटला ६.९८ सेकंदांत जिंकली ती जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस. त्या विजयाने ६०, १००, २०० आणि चार बाय १०० रिले ही चारही जागतिक विजेतेपदं एकाच वेळी तिच्याकडे आली. असं करणारी ती पहिलीच महिला. उलट बाजूही आहे. २०१६ला पोर्टलंडमध्ये एलेन थॉम्पसन तिसरी आली आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर, दोन्ही जिंकून गेली.

भारतालाही इनडोअर शर्यती परक्या नाहीत. २०१६च्या आशियाई इनडोअर स्पर्धेत दोहाला द्युती चंदने ६० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेत २०२४ला तेहरानमध्ये ज्योती याराजीने ६० मीटर अडथळ्यांची शर्यत ८.१२ सेकंदांत जिंकली.

गैरसमज : नवे बूट, नवे ट्रॅक, जुने विक्रम आता कुठले टिकायला?

वस्तुस्थिती : रशियाच्या इरिना प्रिव्हालोव्हाने १९९३च्या फेब्रुवारीत माद्रिदला ६.९२ सेकंदांच्या जागतिक विक्रमाची नोंद केली. दोन वर्षांनी त्याच शहरात तिने स्वतःच त्या विक्रमाची बरोबरी केली. २०२३मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या ट्रॅकवर, उंचावरच्या विरळ हवेत, आलिया हॉब्स आणि आल्फ्रेड या दोघी महिनाभराच्या आत ६.९४पर्यंत पोचल्या. २०२५ संपेपर्यंत प्रिव्हालोव्हाचा विक्रम जागचा हलला नव्हता. फरक किती? पुन्हा ०.०२ सेकंद. बूट बदलले, ट्रॅक बदलले, तीन दशकं उलटली. उरलेली ती एक वीत मात्र कुणाला ओलांडता आली नाही.