गुप्त गळती आणि पाण्याचे बिल

महोत्सवी अंकात मोठमोठ्या विषयांवर लिहिण्याची रीत आहे. आम्ही मात्र वाचकांपुढे एक अगदी घरगुती विषय ठेवीत आहोत; कारण त्यापायी आमच्या हातून एका निरपराध कुटुंबावर अन्याय घडला.

इच्छापोर येथील आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड राहते. माणसे सात, त्यांत तीन लहान मुले. पाण्याचा मीटर एकच असल्याने बिल निम्मे निम्मे भरावयाचे. गेल्या उन्हाळ्यात ते एकाएकी दुप्पट झाले आणि आम्ही काही शहानिशा न करता त्याचे खापर वरच्या बिऱ्हाडावर फोडले. त्या माउलीने उलट शब्द न बोलता मुलांच्या अंघोळी एका बादलीत उरकण्यास आरंभ केला. तरीही पुढचे बिल तेवढेच आले! तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. माणसांना बोल लावण्यापूर्वी मीटरला विचारावयास हवे होते.

मीटरला विचारावयाचे ते असे. नळाला पाणी येत असताना घरातील सर्व नळ बंद करावेत, टाक्या भरून घ्याव्यात आणि मीटरवरील आकडे टिपून ठेवावेत. बहुतेक मीटरांवर काळे आकडे घनमीटर दाखवितात. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. लाल आकडे त्याहून कमी मापाचे असतात. शेजारचे चिमुकले चक्र अगदी थोड्या प्रवाहानेही फिरते. पाण्याचा कोठेही वापर नसताना ते फिरत असेल, तर गळती आहे असे समजावे. पाणी ठराविक वेळीच येत असेल तर ही परीक्षा त्याच वेळी करावी. एरवी नळीत दाब नसल्याने चक्र स्वस्थ राहते आणि आपली फसगत होते.

आता गळतीची जागा. जमिनीखालील टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करावा. तरीही चक्र फिरत राहिले, तर मीटर व टाकी यांच्यामधील पुरलेली नळी फुटलेली असण्याचा संभव फार. चक्र थांबले तर दोष टाकीत किंवा तिच्या पुढे आहे. टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी, पंप व आवक बंद ठेवावी आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली असल्यास टाकीला तडा गेला आहे, किंवा तिच्यातून निघणारी एखादी नळी गळते आहे. संडासाच्या फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा. पाव तासात, फ्लश न ओढता, भांड्यात रंग उतरला तर आतील रबर झिजले आहे. गच्चीवरची टाकी रात्री वाहून जात नाही ना, हेही पाहावे.

आमच्या घरचा चोर निघाला जमिनीखालील टाकीचा बॉलकॉक. त्याचे वॉशर झिजले होते. टाकी भरली तरी पाणी थांबत नसे आणि जादा पाण्याच्या नळीतून ते थेट गटारात जाई. ना भिंतीला ओल, ना अंगणात चिखल! वरच्या बिऱ्हाडाचा यात काडीचा संबंध नव्हता. दोष आमच्याच ताब्यातील टाकीचा होता.

एवढीशी धार ती काय, असे कोणास वाटेल. एक लिटरचे भांडे तिच्याखाली धरून पाहावे. ते चार मिनिटांत भरले, तर दिवसाला 360 लिटर आणि तीस दिवसांत 10,800 लिटर पाणी जाते. शिवाय पुरलेली नळी गळत असेल, तर पुरवठा बंद असताना भोवतालचे घाण पाणी तीत शिरू शकते आणि कावीळ, हगवण यांना घरात वाट मिळते. म्हणून ही केवळ पैशाची गोष्ट नव्हे.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे खानदेशात आहेत. मुलताईस उगम पावलेली तापी जळगाव, धुळे, नंदुरबार हे मुलूख ओलांडून, 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणातून सुरतेस येते. सुरतेच्या नळांनाही तिचेच पाणी. माहेरच्या नदीचे पाणी गटारात सोडणे आपल्याला शोभत नाही.

यास्तव आमची एवढीच विनंती की, प्रत्येक घरी महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. आकडा अकारण वाढला की, वर सांगितलेल्या क्रमाने शोध घ्यावा व मगच प्लंबरास बोलवावे. आम्ही वरच्या बिऱ्हाडास जादा भरलेली रक्कम परत केली आणि क्षमाही मागितली. रक्कम त्यांनी घेतली, क्षमेवर त्या माउली एवढेच म्हणाल्या, "मुलांना आता दोन बादल्या चालतील ना?"