गुहेतील अस्थी आणि गुहेतील निवास : दक्षिण आफ्रिकेतील मानवपूर्वजांच्या जीवाश्मांविषयी एक विवेचन

प्रस्तावना

‘आदिमानव गुहेत राहत असे’ हे विधान शालेय पाठ्यपुस्तकापासून पदवीच्या वर्गापर्यंत इतक्या सहजतेने केले जाते, की त्यास पुरावा मागण्याची गरज कोणास वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील गुहांमधून मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजांच्या अस्थी मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत, ही वस्तुस्थिती आहे. परंतु अस्थी गुहेत मिळाल्या म्हणून ते जीव गुहेत वास्तव्य करीत होते, हा निष्कर्ष त्या वस्तुस्थितीतून आपोआप निघत नाही. पडक्या विहिरीच्या तळाशी बैलाचा सांगाडा आढळला, तर बैल विहिरीत राहत होता असे आपण म्हणत नाही. तो तेथे कसा पोहोचला, हा प्रश्न प्रथम विचारतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मानवपूर्वजांच्या अस्थींसंदर्भात विचारावयाचा आहे. या प्रश्नाच्या उत्तरावर केवळ निवासस्थानाचा तपशील नव्हे, तर ‘मानव हा मूळचा शिकारी की शिकार?’ याविषयीचे आपले आकलनही अवलंबून आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. ‘गुहा’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेणी उभी राहतात. बेसाल्टच्या कड्यात माणसाने कोरलेली, समोरून चालत आत जाता येईल अशी ती स्थाने मुळात वापरासाठीच निर्माण झाली. स्टर्कफोंटेन, स्वार्टक्रान्स, क्रोमड्राई, मालापा या जोहान्सबर्गच्या वायव्येकडील स्थळांचे स्वरूप अगदी निराळे आहे. तेथे गुहेचे तोंड बहुधा छतात असे.

गुहेची घडण

या परिसरातील डोलोमाइट खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने किंचित आम्लधर्मी झालेले पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते, खडक विरघळवते आणि भूजलपातळीखाली पोकळ्या निर्माण करते. पुढे भूजलपातळी खाली गेली की या पोकळ्या कोरड्या पडतात, छताचे तुकडे कोसळू लागतात आणि अखेरीस एखादी भेग वर जमिनीपर्यंत पोहोचते. वरून पाहणाऱ्यास केवळ गवताआड दडलेला खड्डा दिसतो; खाली मात्र कित्येक मीटर खोल दालन असते. या उभ्या विवरातून माती, दगड, पालापाचोळा आणि हाडे आत पडत राहतात व तळाशी त्यांचा शंकूच्या आकाराचा ढीग साचतो. छतातून ठिबकणारे चुनायुक्त पाणी हा ढीग सिमेंटसारखा जखडून टाकते. अशा रीतीने टोकदार दगडगोटे, माती व हाडे यांचा जो कठीण खडक बनतो, त्यास ब्रेशिया म्हणतात. मानवपूर्वजांचे जीवाश्म मिळतात ते या ब्रेशियात.

कालांतराने पृष्ठभागाची झीज होऊन अनेक गुहांचे छतच नाहीसे झाले. त्यामुळे आज स्वार्टक्रान्स येथे संशोधक उघड्या आकाशाखाली ज्या जागी उभा राहतो, ती जागा एके काळी भूगर्भातील दालनाचा तळ होती. हे ध्यानी घेतले नाही, तर तेथील पुराव्याचे वाचन मुळातच चुकते.

दुसरी अडचण माणसाने निर्माण केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या गुहांतील शुद्ध चुना काढण्यासाठी सुरुंग लावण्यात आले. चुना भट्टीकडे गेला आणि निरुपयोगी ठरलेला ब्रेशिया ढिगाऱ्यात. त्यातील हाडे पुढे अभ्यासकांच्या हाती आली, पण ती कोणत्या थरातली, कोणत्या हाडाशेजारी पडलेली, ही माहिती सुरुंगाच्या धुरात विरून गेली. किंबहुना या सर्व इतिहासाचा आरंभच चुन्याच्या खाणीत झाला. १९२४ मध्ये टाँग येथील खाणीतून आलेल्या दगडात रेमंड डार्ट यांना एका बालकाची कवटी आढळली. १९२५ मध्ये त्यांनी तिला ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस’ असे नाव दिले.

डार्ट यांचे वाचन

याच डार्ट यांनी पुढे माकापान्सगाट या गुहेतील हजारो अस्थिखंडांचा अभ्यास केला. त्यांपैकी बहुसंख्य हाडे कुरंगवर्गीय प्राण्यांची होती. डार्ट यांना त्यांत एक विलक्षण विषमता दिसली. सांगाड्यातील काही हाडे मुबलक, तर काही जवळजवळ अनुपस्थित होती. पुढच्या पायातील वरच्या हाडाचे कोपराकडील टोक खांद्याकडील टोकाच्या सुमारे दहापट आढळत होते. निसर्ग अशी निवड करणार नाही, म्हणून ती मानवपूर्वजांनीच केली असली पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. कोपराकडील जाड टोक म्हणजे सोटा, जबडा म्हणजे करवत, शिंग म्हणजे खंजीर. बबून माकडांच्या कवट्यांवरील जोडीने आढळणाऱ्या खोलगट खुणा म्हणजे अशा सोट्याचे घाव. हाडे, दात व शिंगे यांच्या या कथित हत्यारसंस्कृतीची सविस्तर मांडणी त्यांनी १९५७ मध्ये केली. तत्पूर्वीच, १९५३ मध्ये, मानवाचा पूर्वज हा रक्तपिपासू शिकारी होता व हिंसा हाच मानव होण्याचा मार्ग होता, असे प्रतिपादन त्यांनी केले होते.

हा विचार प्रयोगशाळेत राहिला नाही. रॉबर्ट आर्ड्री यांच्या १९६१ मधील ‘आफ्रिकन जेनेसिस’ या ग्रंथाने तो सामान्य वाचकांपर्यंत नेला. दोन महायुद्धे पाहिलेल्या पिढीस आपल्या क्रौर्याचे हे जीवशास्त्रीय स्पष्टीकरण पटले असावे, यात नवल नाही. मात्र या संपूर्ण इमारतीचा पाया एकाच गृहीतकावर होता. गुहेतील हाडे मानवपूर्वजांनी आणली, हे ते गृहीतक होय.

शेळीच्या हाडांची साक्ष

या गृहीतकाची परीक्षा चार्ल्स किंबर्लिन ब्रेन यांनी केली, आणि तिची पद्धत प्रस्तुत लेखकास शास्त्रीय विचाराचा वस्तुपाठ वाटते. नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या नामा लोकांच्या वस्त्यांमध्ये शेळ्या कापल्या जात, मांस खाल्ले जाई, मगजासाठी हाडे फोडली जात आणि उरलेली हाडे कुत्र्यांपुढे पडत. वस्तीभोवती विखुरलेली ही हाडे ब्रेन यांनी गोळा करून मोजली. परिणाम थक्क करणारा होता. पुढच्या पायातील त्याच हाडाचे कोपराकडील टोक भरपूर होते आणि खांद्याकडील टोक जवळपास नव्हतेच. येथे कोणी हत्यारासाठी हाडे निवडली नव्हती. कोपराकडील टोक घट्ट असते व प्राण्याच्या लहान वयातच पक्के जुळते. खांद्याकडील टोक सच्छिद्र असते, उशिरा जुळते आणि कुत्र्याच्या दातांखाली नाहीसे होते. जे डार्ट यांना ‘निवड’ वाटले, ती हाडांच्या टिकाऊपणाची प्रतवारी होती. पुढील अभ्यासांतून माकापान्सगाट येथील साठ्यामागे प्रामुख्याने तरस व काही अंशी साळिंदर असल्याचे मत पुढे आले. साळिंदर सतत वाढणारे दात झिजवण्यासाठी हाडे बिळात नेऊन कुरतडते, ही बाब आपल्याकडील ग्रामीण भागातील वाचकांना अपरिचित नसेल.

मृत्यूनंतर अवशेषांचे काय होते, याचा विचार करणाऱ्या ज्ञानशाखेस ‘टॅफॉनॉमी’ म्हणतात. रशियन पुराजीवशास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी हा शब्द १९४० मध्ये योजला. ब्रेन यांनी या शाखेस मानवपूर्वजांच्या अभ्यासात मध्यवर्ती स्थान मिळवून दिले.

बिबट्या, झाड आणि विवर

स्वार्टक्रान्स येथील उत्खननात ब्रेन यांनी १९६५ पासून सुमारे दोन दशके व्यतीत केली. तेथील पॅरान्थ्रोपस या मानवसदृश जीवाच्या एका अल्पवयीन व्यक्तीची कवटी विशेष महत्त्वाची ठरली. तिच्या मागील भागावर दोन छिद्रे आहेत. त्याच गुहेतील बिबट्याच्या जीवाश्म जबड्यातील खालच्या दोन सुळ्यांमधील अंतर या छिद्रांमधील अंतराशी जुळते. बिबट्याने त्या पोराचे डोके जबड्यात धरून ते ओढत नेले असावे, अशी त्यांची उपपत्ती होती.

पण नेले कोठे? बिबट्या आपली शिकार तरसांपासून वाचवण्यासाठी झाडावर नेतो. त्या गवताळ, हिवाळ्यात दहिवर पडणाऱ्या पठारावर झाडे विरळ आहेत. ती वाढतात मुख्यतः विवरांच्या तोंडाशी, कारण तेथे ओलावा मिळतो आणि वणव्यापासून व थंडीपासून आसरा असतो. बिबट्या फांदीवर बसून खाणार, आणि उरलेली हाडे खाली विवरात पडणार. खडकाची रचना, वनस्पती व हिंस्र पशूची सवय या तीन सर्वस्वी स्वतंत्र गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून मानवपूर्वजांचे संग्रहालय तयार झाले. १९८१ मधील आपल्या ग्रंथास ब्रेन यांनी ‘द हंटर्स ऑर द हंटेड?’ असे प्रश्नार्थक शीर्षक दिले. शिकारी की शिकार, या प्रश्नास किमान जुन्या थरांपुरते त्यांचे उत्तर ‘शिकार’ असेच होते.

टाँगच्या बालकाविषयी ली बर्जर व रॉन क्लार्क यांनी १९९५ मध्ये असेच सुचवले, की त्यास मोठ्या गरुडाने मारले असावे. डोळ्यांच्या खोबणीतील खुणा आधुनिक गरुडाने मारलेल्या माकडांच्या कवट्यांवरील खुणांशी मिळत्याजुळत्या असल्याचे बर्जर यांनी २००६ मध्ये दाखवले. ज्या कवटीवरून मानवाच्या आफ्रिकी उगमाची चर्चा सुरू झाली, ती एका पक्ष्याच्या भक्ष्याची असावी, हे वाचताना मन क्षणभर थबकते.

येथे अभ्यासकाने सावध राहावयास हवे असा एक मुद्दा आहे. स्वार्टक्रान्सच्या साठ्यात अपरिपक्व वयाच्या व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे. त्यावरून ‘त्या समाजात बालमृत्यू अधिक होते’ असे म्हणणे धोक्याचे होय. बिबट्या जनगणना करीत नाही. त्याला जे सहज सापडते ते तो उचलतो.

जे स्वतःच पडले

सर्वच अस्थी हिंस्र पशूंनी आणल्या असे मात्र नाही. १९९४ मध्ये क्लार्क यांना स्टर्कफोंटेन येथील प्राण्यांच्या हाडांच्या पेटीत पावलाची काही हाडे मिळाली. १९९७ मध्ये त्यांनी आपले सहकारी स्टीफन मोत्सुमी व एन्क्वाने मोलेफे यांना नडगीच्या तुटलेल्या हाडाचा साचा देऊन त्याचा जोड अंधाऱ्या दालनात शोधावयास सांगितले. हातातील दिव्याच्या प्रकाशात भिंतींवरून नजर फिरवीत त्यांनी दोन दिवसांत तो शोधून काढला. ‘लिटल फूट’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा सांगाडा ९० टक्क्यांहून अधिक पूर्ण आहे. त्याचे वय ३६.७ लाख वर्षे असल्याचे २०१५ मध्ये मांडले गेले, यद्यपि हा कालनिर्णय वादातीत नाही. बिबट्याने खाल्लेला देह असा अखंड राहत नाही. ही व्यक्ती विवरात पडली व तेथेच मरण पावली, असे क्लार्क यांचे मत आहे.

मालापा येथेही तेच दिसते. १५ ऑगस्ट २००८ रोजी ली बर्जर यांच्या नऊ वर्षांच्या मुलास, मॅथ्यूस, एका दगडात हासळीचे हाड दिसले. त्यातून ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस सेडिबा’ या सुमारे १९.८ लाख वर्षांपूर्वीच्या जातीचा शोध लागला. या सांगाड्यांवर मांसभक्षकांच्या दातांच्या खुणा नाहीत. पाण्याच्या शोधात आलेले प्राणी खोल विवरात कोसळले असावेत आणि नंतरच्या चिखलाच्या लोंढ्याने त्यांचे देह खालच्या भागात नेऊन गाडले, असा अर्थ संशोधकांनी लावला.

याउलट पूर्व आफ्रिकेचे उदाहरण पाहावे. १९७४ मध्ये इथिओपियातील हदार येथे सापडलेली ‘ल्यूसी’ किंवा टांझानियातील लेटोली येथील पाऊलखुणा गुहेशी संबंधित नाहीत. तेथे नदी-तळ्यांच्या गाळाने व ज्वालामुखीच्या राखेने जतनाचे कार्य केले. म्हणजे गुहा हे या जीवांचे घर नव्हे. दक्षिणेकडे त्यांचे अवशेष टिकून राहण्याची ती जवळपास एकमेव जागा होती. उघड्या माळावर मेलेल्या असंख्य व्यक्तींचा मागमूसही उरला नाही.

गुहेत प्रवेश

मग मानवकुल खऱ्या अर्थाने गुहेत केव्हा शिरले? स्वार्टक्रान्सच्या वरच्या, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात ब्रेन यांना जळलेली हाडे मिळाली. १९८८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. उत्तर केप प्रांतातील वंडरवर्क या गुहेत तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, तितक्याच जुन्या थरात जळलेले हाड व वनस्पतींची राख आढळल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. वंडरवर्कमध्ये आडवे चालत जाता येते. अग्नी हाती असलेला जीवच बिबट्याच्या अंधारात शिरण्याचे धाडस करू शकतो, असे ब्रेन यांना वाटे आणि ते पटण्याजोगे आहे.

तथापि याच प्रदेशातील रायझिंग स्टार गुहेने हा विषय पुन्हा खुला केला. २०१३ मध्ये दोन गुहाशोधकांना तेथील खोल दालनात हाडे दिसली. आत जाण्याची वाट म्हणजे सुमारे १२ मीटर उभी, काही ठिकाणी जेमतेम २० सेंटीमीटर रुंद अशी भेग. म्हणून उत्खननासाठी सडपातळ बांध्याच्या सहा महिला संशोधकांची निवड करावी लागली. किमान १५ व्यक्तींची १५०० हून अधिक हाडे व दात मिळाले, आणि २०१५ मध्ये ‘होमो नालेडी’ ही नवी जाती जाहीर झाली. तिचे वय पुढे २.३६ ते ३.३५ लाख वर्षे ठरले. येथे दातांच्या खुणा नाहीत, इतर मोठ्या प्राण्यांची हाडे जवळपास नाहीत, वरून पडण्याचे सरळ विवरही आढळलेले नाही. आधीचे एकेक स्पष्टीकरण गळून पडल्यावर संशोधकांनी मृतदेह हेतुपुरस्सर आत नेल्याचा तर्क केला. २०२३ मध्ये तर खड्डे खणून दफन केल्याचा दावा मांडला. आपल्या मेंदूच्या सुमारे एकतृतीयांश मेंदू असलेल्या जीवाच्या ठायी मृत्यूची जाणीव मानावयाची, असा याचा अर्थ होतो. त्या लेखाच्या समीक्षकांनी मात्र सादर केलेला पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले.

त्यांचे आक्षेप मेंदूच्या आकाराविषयी कमी आणि गाळाविषयी अधिक होते. खणलेल्या खड्ड्याची कड मातीच्या थरात स्पष्ट दिसते काय, खड्डा भरलेली माती भोवतालच्या मातीहून निराळी आहे काय, आणि हाडे जुळलेल्या अवस्थेत राहण्यास दफनाखेरीज अन्य कारण असू शकत नाही काय, असे ते प्रश्न आहेत. डार्ट यांना माकापान्सगाट येथे ‘निवड’ दिसली तेव्हाही शंका घेतल्या गेल्या होत्या. पण त्यांच्या उत्तरासाठी शेळीच्या हाडांची वाट पाहावी लागली. रायझिंग स्टारच्या गाळाचे विश्लेषण अद्याप चालू आहे.