एफ-टू दाबा, ‘हमीभाव’ वाचवा

नांदेड-लातूरकडच्या पोरांना टायपिंगचं अप्रूप नाही. लिपिकाच्या जागेसाठी मराठी मिनिटाला 30 शब्द, हा हिशेब इथे घरोघरी पाठ. कोड लिहिताना मात्र हा वेग फारसा कामी येत नाही. वेळ जातो तो आधी लिहिलेलं शोधण्यात आणि बदलण्यात.

समजा, लातूरच्या आडतीतल्या सोयाबीनचा हिशेब करणारा प्रोग्राम आहे. त्यातलं ‘भाव’ हे व्हेरिएबल ‘दर’ करायचंय. सरसकट शोधून बदललं तर ‘हमीभाव’चाही ‘हमीदर’ होतो, आणि डेटा फाइलमधला ‘हमीभाव’ हा रकाना प्रोग्रामला सापडेनासा होतो. ‘व्हीएस कोड’मध्ये नावावर कर्सर ठेवून एफ-टू दाबा; एडिटर नेमकं तेवढंच व्हेरिएबल ओळखून सगळीकडे बदलतो. दोन-तीनच जागा असतील तर कंट्रोल-डी पुरे: दाबाल तसा तोच शब्द पुढे-पुढे निवडला जातो. फाइल उघडायला कंट्रोल-पी, की नावाची दोन-चार अक्षरं बस्स.

यातल्या कशालाच माउस लागत नाही; तो तर फार नंतर आला हाताशी. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, तेव्हा त्यांच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण एच, जे, के, एल यांच्यावरच छापलेले. ‘व्हीआय’चा पुढचा अवतार ‘विम’ वापरणारे आजही त्याच कळांनी कर्सर हलवतात.