स्नानाचें ऊन पाणी आणि शेताचा जमाखर्च

वैशाखांत दुपारीं दोन-तीनच्या सुमारास गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला, तर त्याखालीं हात धरवत नाहीं, हा अनुभव आमच्या फुलसावंगीसारख्या गांवांतही आतां कोणास नवा राहिलेला नाहीं. त्या पाण्यास कोणी लांकूड लावलेलें नसतें, वीज लावलेली नसते. सूर्याखेरीज तेथें कोणीच खपलेला नसतो. परंतु तेंच ऊन पाणी जेव्हां खरोखर हवें असतें, म्हणजे मार्गशीर्ष-पौषांतल्या पहांटे, तेव्हां आम्ही न्हाणीच्या चुलींत पऱ्हाटी सारतों आणि गोवऱ्या रचतों. ऊन्ह दिवसां आणि स्नान पहांटे, एवढीच काय ती अडचण. ती दूर करणारें यंत्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं निघालें आहे. तें यंत्र शेतकऱ्यानें आपल्या घरीं कां बसवावें, याचें खरें कारण मात्र विक्रेते सांगत नाहींत. म्हणून हा लेख.

स्वयंपाकघरांतला धूर गेल्या आठ-दहा वर्षांत पुष्कळ कमी झाला. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि महागांव तालुक्यांतल्या खेड्यांतही गॅसच्या शेगड्या पोंचल्या. तरी चहा व भाजी-भाकर गॅसवर आणि आंघोळीचें पाणी चुलीवर, अशी वांटणी पुष्कळ घरीं दिसते. यांत घरच्या बायामाणसांची चूक नाहीं. चौदा किलो दोनशें ग्रॅमचें सिलिंडर विकत आणावें लागतें. पऱ्हाटी आपल्या शेतांतली, गोवरी आपल्या गोठ्यांतली, आणि जें विकत आणलें नाहीं तें फुकट, असा आपला हिशेब. आम्ही महसुलाच्या दप्तरांत तीस वर्षें कारकुनी केली. वहींत न चढलेल्या रकमा शोधण्याची आम्हांस खोड आहे. ही एक रक्कम येथें चढवून पाहतों.

पांच माणसांच्या घरीं माणशीं वीस लिटर धरलें, तर रोज शंभर लिटर ऊन पाणी लागतें. हिवाळ्यांत वीस अंशांवर असलेलें पाणी पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचें म्हणजे पंचवीस अंशांची वाढ झाली. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हां शंभर लिटरांस अडीच हजार. वाळलेलें लांकूड किंवा पऱ्हाटी एक किलो जाळली तर सुमारें साडेतीन हजार किलोकॅलरी निघतात खऱ्या. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांतला सातवा हिस्सा पाण्यांत गेला तरी पुष्कळ, बाकीची उष्णता आढ्यास आणि बाईच्या डोळ्यांस जाते. म्हणजे रोजची पांच किलो पऱ्हाटी झाली, आणि थंडीच्या चार महिन्यांत सहा क्विंटल. जुन्या तांब्याच्या बंबांत धुराची नळी पाण्यांतूनच जात असल्यामुळें जळण कांहीं कमी लागतें. पण मोडीच्या भावाचा मोह पडून ते बंब घरोघरचे गेले. कपाशीच्या कोरडवाहू शेतांत हेक्टरीं दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, असें धरलें, तर अर्ध्या एकराहून अधिक रानाची पऱ्हाटी आम्ही अंगावर ओतून घेतों.

ओतून घेतली तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें जाळण्यानें नव्हे, तर जाळण्यासाठीं सांठवून ठेवण्यानें. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतल्या कपाशीचें जें नुकसान केलें, तें यवतमाळ जिल्ह्याचा शेतकरी विसरलेला नाहीं. ही अळी हंगामाच्या शेवटीं किडक्या बोंडांत व सरकींत झोपीं जाते. न वेंचलेलीं बोंडें पऱ्हाटीस तशींच चिकटलेलीं असतात, आणि ती पऱ्हाटी आपण धुऱ्यावर वा घरामागें रचून ठेवतों. पुढें पाऊस-पाणी होऊन नव्या कपाशीस पात्या येतात, तोंच या गंजींतून पतंग बाहेर पडतात. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोहोंचा सल्ला एकच आहे: डिसेंबर-जानेवारींत कपाशी आटोपावी, फरदड घेऊं नये, पऱ्हाटी रचून न ठेवतां बारीक करून तिचें खत करावें. सल्ला सर्वांस मान्य आहे. परंतु घरांत न्हाणीची चूल पेटती आहे तोंवर गंजी राहणारच. शेतकी खात्याच्या पत्रकांत आंघोळीच्या पाण्याचा उल्लेख आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं, आणि सोलरच्या जाहिरातींत बोंडअळीचा. दोन्ही गोष्टी एकाच अंगणांत आहेत.

गोवरीची कथा तर फार जुनी. इंग्लंडांतील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १८९३ च्या आपल्या अहवालांत त्यांनीं लिहून ठेवलें कीं, येथला शेतकरी शेण जाळतो तें खताची किंमत न कळल्यामुळें नव्हे, तर सरपण मिळत नाहीं म्हणून. उपाय म्हणून सरपणाचीं रानें लावावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तीं रानें किती लागलीं, तें आपण पाहतोंच. चांगल्या शेणखताच्या एका टनांत सुमारें पांच किलो नत्र असतें. गोवरी जाळली कीं नत्र धुरांतून निघून जातें; राखेंत पालाश व थोडें स्फुरद तेवढें उरतें. शिवाय काळ्या जमिनीस जो भुसभुशीतपणा सेंद्रिय द्रव्यानें येतो, तो युरियाच्या गोणींत कोठून मिळावा? ज्यांचे गोठे भरलेले आहेत त्यांनीं गोबर गॅस करावा, म्हणजे जळणही मिळतें आणि मळीचें खतही हातीं राहतें. पण दोन बैल आणि एक गाय एवढ्यावर चालणाऱ्या घरास, स्वयंपाक भागवून आंघोळीचेंही पाणी तापेल इतका गॅस त्यांतून मिळणें कठीण.

आतां यंत्राविषयीं. उन्हावर काम करून घेण्याची कल्पना या मुलखांत परकी नाहीं. मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनीं आरशांनीं ऊन्ह एकत्र करून जानेवारीच्या थंडींत सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजविलें, अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र उन्हावर चालविलें, आणि १८७८ सालीं त्यावर मुंबईसच एक पुस्तक छापलें. कचेरींतल्या कागदांत बुडालेला मनुष्य सुटीच्या वेळीं असला उद्योग करी, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. स्नानाच्या पाण्याचें यंत्र मात्र अमेरिकेंत पुढें आलें. १८९१ सालीं बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यानें काळ्या टाक्या कांचेच्या पेटींत ठेवून विकण्यास आरंभ केला. पण त्यांतलें पाणी रात्रीं निवून जाई. १९०९ सालीं कॅलिफोर्नियांतल्या विल्यम बेली यानें तापविण्याची पेटी आणि सांठविण्याची टाकी वेगळ्या केल्या व टाकीस जाड आवरण घातलें. आज आपल्या शहरांच्या गच्च्यांवर दिसणारें सोलर तें हेंच. इस्रायलांत तर १९८० पासून नव्या घरांस तें कायद्यानेंच बसवावें लागतें.

रचना साधी आहे. कांचेखालीं काळा पत्रा, त्यास जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि वरच्या अंगास आवरणाची टाकी. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप टाकींत चढतें, थंड पाणी खालीं उतरतें. पंप लागत नाहीं, वीज लागत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत तांब्याऐवजीं कांचेच्या दुहेरी नळ्या असतात व दोन कांचांमधली हवा काढून घेतलेली असते. थंडींतल्या स्वच्छ दिवशीं एक चौरस मीटर जागेवर सुमारें पांच युनिटांएवढें ऊन्ह पडतें. दोन चौरस मीटरांचें यंत्र त्यांतलें निम्में जरी घेईल, तरी पांच युनिटें झालीं. आणि शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठावर नेण्यास साडेचार ते पांच युनिटेंच लागतात. साठ अंशांच्या त्या शंभर लिटरांत गार पाणी मिसळलें, तर स्नानाजोगें पाणी एकशें साठ लिटर होतें. रात्रभरांत तें थोडेंसें निवतें, इतकेंच.

पैशाच्या बाबतींत विक्रेत्यांचें बोलणें जसेंच्या तसें घेऊं नये. शंभर लिटरांच्या यंत्रानें वर्षास पंधराशें युनिटें वांचतात, असें ते सांगतात. हा आंकडा सरकारी पत्रकांतलाच आहे, खोटा नाहीं. परंतु तो वर्षभर रोज ऊन पाणी वापरणाऱ्या घराचा आहे. आमच्याकडे कार्तिकापासून माघापर्यंतच त्याची खरी गरज. एकशें वीस दिवस आणि रोजचीं तीन ते चार युनिटें धरलीं, तर साडेतीनशें ते पांचशें होतात. यंत्राची किंमत साधारणपणें पंधरा ते पंचवीस हजार पडते. तेव्हां केवळ विजेच्या बिलावर ती वसूल होण्यास बराच काळ लागेल. आमचें म्हणणें असें कीं, शेतकऱ्यानें हा खर्च विजेच्या खात्यांत न घालतां शेताच्या खात्यांत घालावा: सहा क्विंटल पऱ्हाटी, गोठ्याचें खत, गंजींतली अळी, आणि मोळ्या वाहण्यांत व फुंकणी फुंकण्यांत जाणारा घरच्या बाईचा वेळ. असा हिशेब मांडला म्हणजे यंत्र महाग वाटत नाहीं.

सरकारी मदतीविषयीं एक सूचना. सौर बंबावर केंद्र सरकार पूर्वीं जें अनुदान देत असे, तें २०१४ सालीं बंद झालें. फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेली सूर्यघर योजना छपरावर वीज उत्पन्न करण्याच्या पाट्यांसाठीं आहे. तीन किलोवॅटांस तींत अठ्ठ्याहत्तर हजार रुपये मिळतात, पण पाणी तापविण्याच्या यंत्रास नाहीं. आमच्या घरीं येऊन एका विक्रेत्यानें या दोहोंची खिचडी करून अर्जावर सही मागितली होती. आम्हीं योजनेचा कागद मागितला, तेव्हां तो गृहस्थ उद्यां येतों म्हणून गेला, तो आलाच नाहीं. पुणें महानगरपालिका असें यंत्र बसविणारांस मिळकतकरांत सूट देते. आमच्या ग्रामपंचायतींनीं घरपट्टींत तसा कांहीं विचार करण्यास हरकत नसावी. ज्यांच्या छपरावर विजेच्या पाट्या आधींच आहेत त्यांनीं दुपारीं गीझर लावून पाणी तापवून ठेवावें, तेवढें पुरे. बादलींत टाकावयाचा हीटर मात्र लेंकराबाळांच्या घरांत नसावा. हीट पंप म्हणून एक यंत्र आहे, तें गीझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या विजेवर चालतें. पण तें वसतिगृहें व दवाखाने यांच्या कामाचें.

घेणारानें जपण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. बोअरचें पाणी जड असेल, तर तांब्याच्या नळ्यांत खार बसून त्या कोंडतात. अशा ठिकाणीं कांचेच्या नळ्यांचें यंत्र बरें, आणि वर्षाकांठीं टाकी धुऊन घ्यावी. उलट वानरांचा उपद्रव असेल तेथें कांचेच्या नळ्या टिकत नाहींत. गारांचेंही भय आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट सर्वांच्या स्मरणांत आहे. चपट्या पेटीची जाड कांच त्या मानानें दणकट असते. ती घेतांना आयएस १२९३३ ही खूण पाहावी. पाणी भरलेलें यंत्र दीडशें किलोंहून जड होतें, म्हणून टिनाच्या छपरावर तें चढवूं नये. अंगणांत लोखंडी घडवंचीवर बसविलें तरी चालतें, ऊन्ह तेथेंही तेंच आहे. गार पाण्याची टाकी यंत्राच्या टाकीहून उंच हवी. तोंड दक्षिणेस असावें आणि उतार तीस-पस्तीस अंशांचा, कारण डिसेंबरांत आमच्याकडे सूर्य भर मध्यान्हींही सत्तेचाळीस अंशांहून वर चढत नाहीं. निंबाची किंवा शेजारच्या माडीची सांवली सकाळीं नऊ ते दुपारीं चार या वेळांत पडूं नये. रिकाम्या, तापलेल्या कांचेच्या नळ्यांत भर दुपारीं गार पाणी सोडलें, तर त्या तडकतात. भरावयाच्या त्या सूर्योदयापूर्वीं. आषाढ-श्रावणांत ढगांमुळें पाणी कोमटच राहील, हेंही आधींच समजून असावें.

एकेकट्यानें घेण्यापेक्षां दहा-पंधरा घरांनीं मिळून घेतलीं, तर बसविणारा कारागीर पुसद किंवा उमरखेडाहून एकाच फेरींत येतो, आणि पुढें नळी फुटल्यास त्याला बोलावणेंही सोपें जातें. ज्या सभासदांस यंदाच्या थंडीपूर्वीं यंत्र बसवावयाचें असेल, त्यांनीं घरांतलीं माणसें, पाणी विहिरीचें कीं बोअरचें, आणि छप्पर स्लॅबचें कीं टिनाचें, एवढ्या तीन गोष्टी लिहून भाद्रपद संपण्यापूर्वीं आमच्याकडे पाठवाव्या.