अहमदनगरच्या किल्ल्यातील मौलाना

ज्या जिल्ह्यात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा भरते, त्याच जिल्ह्यातील अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद सुमारे पावणेतीन वर्षे बंदिवान होते. नाशिक धर्मप्रांतातील भाविकांना या थोर पुरुषाची ओळख असावी, याचे कारण मात्र केवळ हे सान्निध्य नव्हे.

मक्केत १८८८ साली जन्मलेले मौलाना इस्लामी धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. १९२३ साली दिल्लीच्या खास काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. हिंदू-मुस्लिम ऐक्य सोडण्याच्या अटीवर एखाद्या देवदूताने चोवीस तासांत स्वराज्य देऊ केले, तरी आपण ते नाकारू, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. स्वराज्य लांबले तर हानी हिंदुस्थानची होईल. ऐक्य गमावले तर ती साऱ्या मानवजातीची होईल, अशी त्यांची धारणा होती.

मार्च १९४० मध्ये रामगढ येथे ते पुन्हा अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात मुस्लिम लीगने लाहोरला वेगळ्या राष्ट्राची मागणी मांडली. रामगढच्या भाषणातील एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. हिंदू आणि मुसलमान दोघेही आपापला धर्म पाळून अभिमानाने भारतीय म्हणवू शकतात, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. हे वर्तुळ आणखी रुंदावत त्यांनी ख्रिस्ती बांधवांचा नामनिर्देश केला: आपण भारतीय असून ख्रिस्ती हा भारतातीलच एक धर्म पाळतो, असे म्हणण्याचा त्यांनाही तितकाच अधिकार आहे. मतांच्या हिशेबात नगण्य असलेल्या समाजाची ही आठवण त्यांनी स्वतःहून ठेवली होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत त्यांना अटक झाली. नेहरू, वल्लभभाई पटेल, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव आदी सहकाऱ्यांसह त्यांना या किल्ल्यात आणण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. तरीही सरकारकडे सुटकेची विनंती करण्यास मौलानांनी नकार दिला. पत्नीचे निधन झाले. तुरुंगात लिहिलेली, कधीच टपालात न पडलेली त्यांची पत्रे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. किल्ल्याच्या आवारातील एका अनामिक जुन्या कबरीविषयी आता निराळाच जिव्हाळा वाटू लागल्याचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे.

जून १९४५ मध्ये बांकुरा येथून सुटका होऊन ते कलकत्त्याला पोहोचले. स्वागताच्या हारांनी मोटार भरली होती. ती त्यांनी प्रथम पत्नीच्या कबरीकडे वळवली आणि त्यांतील एक हार तेथे वाहिला.